एकविसावा दिवस

वाचकहो, आपल्या घरातील दिनदर्शिकेवर चतुर्थी, एकादशी, दूधवाल्याचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहिलेली असते. आमच्या नेरूळच्या घरातील दिनदर्शिकेवर या सर्वांखेरीज दर एकवीस दिवसांनी एक लाल वर्तुळ असते. त्या दिवशी आमच्या सव्वादोन वर्षांच्या मुलीला रक्त चढवले जाते. तिला थॅलेसेमिया मेजर आहे.

ती सहा महिन्यांची होईपर्यंत आम्हाला कसलीही शंका आली नव्हती. पुढे ती दूध पिता पिता थकू लागली, तळहात पांढुरके दिसू लागले. प्रथम अशक्तपणा समजून लोहाचे टॉनिक देण्यात आले. पंधरा दिवसांनी रंग आणखी उतरला, तेव्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन ५.१ निघाले. पहिले रक्त चढवण्यापूर्वी डॉक्टरांनी एचपीएलसी या तपासणीसाठी तिचा नमुना बाजूला काढून ठेवला. दुसऱ्याचे रक्त अंगात गेल्यावर ही तपासणी फसवी ठरू शकते, हे मला नंतर कळले. सोबत आम्हा दोघांचेही नमुने गेले. चार दिवसांनी तीन अहवाल एकाच पाकिटातून आले. मुलीला आजार होता आणि आम्ही दोघे त्याचे वाहक होतो.

हा आजार प्रथम वर्णिला तो अमेरिकेतील डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ डॉ. थॉमस कूली यांनी, १९२५ मध्ये. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात. आमच्या मुलीच्या शरीरात बीटा साखळी जवळजवळ तयारच होत नाही, म्हणून बहुतेक तांबड्या पेशी अस्थिमज्जेतच नष्ट होतात. जन्मतः बाळाजवळ गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असते. ते पहिले काही महिने निभावून नेते. ते ओसरू लागले की पांढुरकेपणा दिसतो. वाहक व्यक्तीला मात्र सहसा काहीच त्रास नसतो. माझ्या गरोदरपणात हिमोग्लोबिन साडेनऊच्या वर गेले नव्हते आणि आम्ही केवळ गोळ्या बदलत राहिलो. त्या जुन्या अहवालांत तांबड्या पेशी संख्येने पुष्कळ, पण आकाराने लहान, असे स्पष्ट नोंदलेले आहे. ही खूण ओळखायची असते, हे आम्हाला कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

निदान झाल्याच्या आठवड्यात दोन्ही घरांतून एकच वाक्य आले, "आमच्याकडे असं कुणाला नाही हो." माझे माहेर रत्नागिरीचे, सासर साताऱ्याकडचे. हा आजार सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली या समाजांत अधिक आढळतो हे खरे, परंतु कोणताही समाज त्यातून सुटलेला नाही. एकच पालक वाहक असेल तर मुलाला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक असते. दोष कोणत्या बाजूचा, हा प्रश्नच येथे निरर्थक ठरतो. तरीही तो आमच्या जेवणाच्या टेबलावर अनेक दिवस न बोलता बसून होता.

त्याच दिवसांत सासूबाई एका दुपारी माझ्याजवळ येऊन बसल्या. माझ्या धाकट्या नणंदेसाठी स्थळे पाहणे सुरू होते. त्या म्हणाल्या, "अगं, हिचं लग्न ठरेपर्यंत बाहेर कुठं बोलू नकोस. लोक लगेच घराण्याला नाव ठेवतात." मला त्यांचा राग आला नाही. त्यांची भीती खोटी नव्हती, आणि मलाही लोकांच्या कीव करणाऱ्या नजरा नकोच होत्या. मी मान हलवली. पुढील पाच महिने आम्ही शेजाऱ्यांना सांगत राहिलो, की लस द्यायला नेतो आहोत, जरा अशक्तपणा आहे, डॉक्टरांनी बोलावले आहे.

आता त्या दिवसाविषयी सांगते. विसाव्या दिवशी क्रॉसमॅचसाठी नमुना द्यायचा. एकविसाव्या दिवशी सकाळी हार्बरच्या गाडीने जायचे. खांद्यावरच्या पिशवीत मऊ भात, दोन फडकी, चित्रांची पुस्तके आणि तिचा कापडी ससा. नेहमीच्या परिचारिका तिचा हात हाती घेऊन आधी गप्पा मारतात, मग शीर शोधतात. इवल्याशा हातात शीर सहजी सापडत नाही. एखादे दिवशी तीनदा टोचावे लागते. प्रारंभी मी "काही नाही दुखत" असे म्हणत असे. तिने एकदा माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यानंतर ते वाक्य मी सोडून दिले. आता मी म्हणते, "दुखेल. मी इथंच आहे. दहा आकडे मोजू." ती अजूनही रडते, परंतु हात ओढून घेत नाही. मग तीन-चार तास थेंब थेंब रक्त जात राहते. संध्याकाळी गाल गुलाबी होतात आणि घरी आल्यावर ती सोफ्यावर उड्या मारते. दुसऱ्या दिवशी वंडर्स पार्कात जायचे, हे तिचे ठरलेले मागणे.

रक्त तिला जगवते आणि त्याच रक्तातून दुसरे संकटही येते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीत सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय मानवी शरीरात नाही. ते हृदयात, यकृतात आणि ग्रंथींत साठत जाते. म्हणून रक्तातील फेरिटिनवर लक्ष ठेवायचे आणि ठरावीक काळानंतर लोह बाहेर काढणारे औषध सुरू करायचे. तिचे औषध दुसऱ्या वाढदिवसानंतर सुरू झाले. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी पाण्यात विरघळवून पाजावी लागते आणि पेल्याच्या तळाशी उरलेला गाळही पुन्हा पाणी घालून द्यावा लागतो. एक पेला, एक आई, एक हट्टी मूल आणि वीस मिनिटे, हा आमच्या घरातील रोजचा खेळ आहे.

सासूबाईंना ही लोहाची गोष्ट पचायला सर्वांत जड गेली. रक्त कमी म्हटल्यावर त्यांनी नातीसाठी खजूर, बीट, अळीव असे सारे आणून ठेवले होते. त्यांच्या मते भाजीला चव लोखंडी कढईतच येते, आणि ती कढई त्यांना त्यांच्या सासूबाईंकडून मिळालेली. आहारतज्ज्ञांनी लोखंडाच्या भांड्यांत शिजवू नका, असे सांगितले. त्या रात्री त्यांनी कढई घासून पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. एक शब्दही बोलल्या नाहीत. इतर प्रत्येक मुलाला आपण जे मुद्दाम भरवतो, तेच या मुलाला बाधते, हे एका आजीने स्वीकारणे किती कठीण असते, ते मला त्या दिवशी दिसले.

मग गेल्या वर्षीचा मे महिना आला. उन्हाळ्यात महाविद्यालये बंद असतात, माणसे गावी जातात, शिबिरे थंडावतात आणि रक्तपेढ्यांतील साठा आटतो. आजाराला सुट्टी नसते. एकविसाव्या दिवशी आम्हाला पिशवी मिळाली नाही. बाविसाव्या, तेविसाव्या दिवशीही नाही. मुलीचा पहिला वाढदिवस नुकताच झाला होता आणि सोफ्याला धरून चालण्यात ती रमली होती. चोविसाव्या दिवशी तिने सोफा सोडला आणि जमिनीवर बसून हात वर केले. पंचविसाव्या दिवशी हातही वर केले नाहीत. हिमोग्लोबिन ६.८ होते.

माझ्या पतींनी बाही वर करून डॉक्टरांना विचारले, "माझं घ्या ना." डॉक्टरांनी शांतपणे समजावले, की पुढे कधी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार झाला, तर जवळच्या नातलगांचे रक्त आधी दिलेले अडचणीचे ठरू शकते, म्हणून ते टाळतात. माझा तर प्रश्नच नव्हता, कारण रक्तदात्याचे हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. "तुमच्या इमारतीत माणसं आहेत ना?" त्यांनी विचारले. "त्यांना सांगितलंय का?"

आमच्या सोसायटीत ऐंशी बिऱ्हाडे आहेत. त्यांतील एकालाही काही ठाऊक नव्हते. रक्त नव्हते याचे कारण उन्हाळा हे होतेच, परंतु आम्ही ते मागू शकत नव्हतो, याचे कारण आम्ही स्वतः होतो. परतीच्या गाडीत मी सासूबाईंना फोन केला. म्हटले, "आई, आता मी सांगणार आहे." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "सांग. पोरगी आधी."

त्या संध्याकाळी मी सोसायटीच्या गटावर सहा ओळी लिहिल्या. आजाराचे नाव, मुलीचे वय, रक्तपेढीचा पत्ता. साडेआठपर्यंत खाली पाच जण उभे होते. त्यांतील एकाशी पार्किंगवरून आमचे बोलणे बंद होते. दात्याचे रक्त आधी तपासले जाते, त्यामुळे पिशवी दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. तिसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा सोफ्याला धरून उभी राहिली.

तेव्हापासून आमच्या सोसायटीत दर मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत रक्तपेढीच्या साहाय्याने शिबिर भरते. तेथे दिलेल्या रक्तातील एखादी पिशवी आमच्या मुलीपर्यंत पोहोचते की नाही, हे आम्हाला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. माझे पती रुग्णालयातील चिठ्ठ्या आणि तारखा सांभाळतात, शिबिराच्या दिवशी दात्यांना चहा-बिस्किटे देतात. बाही वर करणाऱ्या प्रत्येकाकडे ते क्षणभर पाहतात, हे माझ्या लक्षात आले आहे.

नणंदेने स्वतःच रक्त तपासून घेतले. तीही वाहक निघाली. पुढच्या स्थळाच्या वेळी चहाचा ट्रे ठेवल्यावर तिने अहवालाची प्रत मुलाच्या हाती दिली आणि म्हणाली, "तुम्हीही तपासून घ्या. दोघंही वाहक असलो, तर आधी नीट विचार करू." त्या लोकांचा पुन्हा फोन आला नाही. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यानंतरच्या मुलाने मात्र तपासणी करून घेतली. तो वाहक नव्हता. यंदाच्या माघात त्यांचे लग्न झाले.

लग्नानंतर एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "माझंही रक्त तपासा." या वयात कशाला, असे आम्ही म्हटले. त्या ऐकेनात. अहवाल आला. वारसा त्यांच्याकडूनच आला होता. त्या बराच वेळ कागद हातात धरून बसल्या. मी त्यांना डॉक्टरांनी मला सांगितलेले सांगितले, की ज्या प्रदेशांत हिवतापाने माणसे मरत, तेथे वाहक असणाऱ्यांना त्या तापापासून काहीसे संरक्षण मिळे, म्हणून हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला. कुणा पूर्वजाला याच रक्ताने वाचवले असेल. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग आता हिला वाचवू दे कुणाचं तरी."

पुढे काय, हे आपण विचाराल. भावंडाचे एचएलए जुळण्याची शक्यता चारात एक असते आणि आम्हाला दुसरे मूल नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९८६ मध्ये थॅलेसेमियासाठी प्रत्यारोपण झाले. आज मुंबईतही, बोरिवलीला महापालिकेच्या केंद्रात, ती सोय आहे. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बालसेवा योजनेतून पात्र मुलांना १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. आम्ही माहिती घेतो आहोत. निर्णय झालेला नाही. तोवर नियमित रक्त आणि नियमित औषध, हेच तिचे आयुष्य लांबवणारे उपाय आहेत.

वाचकहो, आपल्याकडे दोन-तीन विनंत्या आहेत. आपल्या घरात विवाह ठरत असेल, तर पत्रिकेसोबत हिमोग्लोबिन ए-टू ही तपासणी दोघांचीही करावी. ते राहून गेले असेल, तर गरोदरपणाच्या प्रारंभीच करावी. दोघेही वाहक असल्यास दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी शक्य असते. आपले वय १८ ते ६५ असेल, वजन ४५ किलोंहून अधिक असेल आणि प्रकृती ठीक असेल, तर यंदाच्या मे महिन्यात गावी जाण्यापूर्वी रक्त द्यावे. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी थॅलेसेमियाचे ओळखपत्र करून घ्यावे. महाराष्ट्रात ते दाखवल्यावर रक्त विनामूल्य मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे.

आणि त्यांनी शेजाऱ्यांना सांगावे. आम्ही पाच महिने जे राखले त्याला घराण्याची अब्रू म्हणत होतो. त्याची किंमत एका वर्षाच्या मुलीने पाच दिवस जमिनीवर बसून मोजली.

हे लिहीत असताना दिनदर्शिकेवरील वर्तुळ अकरा दिवस दूर आहे. मुलगी आजीच्या साडीचा पदर डोक्यावर घेऊन कापडी सशाच्या हातात सुई टोचते आहे. "दुखेल हं," ती त्याला बजावते, "मी इथंच आहे." मग तिला येतात तेवढे, चारापर्यंतचे, आकडे मोजते.