कायद्याचें माप

कायदा आपणांस जाचतो अशी तक्रार आपण ज्या उत्साहानें करितों, त्याच्या दशांश उत्साहानें जर त्या कायद्याचें माप कोणीं व कसें ठरविलें याची चौकशी केली, तर पुष्कळशा तक्रारी उरणारच नाहींत. आणि ज्या उरतील त्या सरकारास ऐकाव्याच लागतील. लहान धंदेवाल्यानें कायदे करणारांपुढें आपलें म्हणणें कसें मांडावें, याविषयीं आम्हांस जें थोडेंबहुत सुचलें आहे तें आज वाचकांपुढें ठेवतों. आमचा जन्म शाळेंत गेला, बाजारांत नव्हे. परंतु शुद्ध मराठींत अर्ज लिहून देणारा मनुष्य म्हणून गांवानें आम्हांस पेन्शनींतहि मोकळें सोडलेलें नाहीं.

आमचें नागांव म्हणजे आक्षी आणि चौल यांच्यामधला समुद्रकांठ. येथील वाडी ही दिसावयास बाग असली तरी हिशेबाच्या दृष्टीनें तो एक धंदाच आहे. दहा-पंधरा गुंठे जागा, तींत माड आणि पोफळी, मधून एखादा आंबा किंवा जायफळ, एक विहीर. आणि अलीकडे मुंबई-पुण्याहून सुटींत येणाऱ्या पाहुण्यांसाठीं पडवीला लागून काढलेल्या दोन खोल्या. जेवण घरच्याच बायका रांधतात. नारळ, सुपारी आणि पाहुणे या तिहींवर घर चालतें. असल्या धंद्यास मोठ्या कारखान्यांसारखा संघ नसतो, पगारी वकील नसतो, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजविणारा प्रतिनिधि नसतो. म्हणून कायदा लिहितांना त्याची आठवण कोणास होत नाहीं. दुष्टपणानें नव्हे, केवळ तो दिसत नाहीं म्हणून.

याचें ढळढळीत उदाहरण आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. दुपारपर्यंत पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. सरकारनें मदतीचा दर वाढवून फळबागांस हेक्टरीं ५०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, देण्याचें जाहीर केलें. आंकडा कानास मोठा लागतो. परंतु हेक्टर म्हणजे जवळ जवळ शंभर गुंठे. तेव्हां गुंठ्यास पडले पांचशें रुपये, आणि दहा गुंठ्यांच्या वाडीस पांच हजार. पडलेला माड कापून उचलून नेण्याची मजुरी त्यांतून भागेना. नवा माड फळास येण्यास सहा-सात वर्षें लागतात, तीं वेगळींच. देशावरच्या विस्तीर्ण बागांस साजेसें माप कोंकणच्या दाट, चिमुकल्या वाडीस लावलें, एवढाच काय तो दोष. पण त्या दोषानें घरें बसलीं.

त्या दिवसांत गांवांतील कांहीं तरुण वाडीवाले आमच्याकडे आले. त्यांतला एक म्हणाला, “गुरुजी, असा झणझणीत अर्ज लिहा कीं मंत्र्यांची झोप उडाली पाहिजे.”

आम्हीं म्हटलें, “अरे, झोप उडालेला मनुष्य नुसता चिडतो. त्याच्या हातांत हिशेब दे. तुझ्या वाडींत पोफळी किती होत्या?”

त्यास सांगतां येईना. “असतील शंभर-दीडशें,” तो म्हणाला. दुसऱ्यासहि येईना. परंतु शेजारच्या वाडींतील वहिनींपाशीं एक वही निघाली. यजमान वारल्यापासून त्या एकट्याच वाडी सांभाळतात. कोणता माड कोणत्या सालीं लावला, कोणत्या पाड्याला किती नारळ उतरले, पोफळीची सुपारी किती भरली, हें सारें त्यांनीं शिसपेन्सिलीनें टिपून ठेविलें होतें. त्यांच्या दहा गुंठ्यांतले अठरा माड आणि शंभर पोफळी पडल्या होत्या. आम्हीं अर्जाची भाषा सोडून दिली आणि त्या वहीच्या नमुन्यानें प्रत्येक वाडीचा तक्ता करावयास मुलांस बसविलें. खालीं एकच मागणी लिहिली : नुकसान क्षेत्रावर मोजूं नये, झाडावर मोजावें.

हीच मागणी मुरुड-श्रीवर्धनाकडूनहि उठली होती. बागायतदारांनीं ती धरून ठेविली, लोकप्रतिनिधींनीं ती उचलली, आणि त्याच वर्षीं सरकारनें माप बदललें : नारळाच्या झाडास २५० रुपये व सुपारीच्या झाडास ५० रुपये. या दरानें वहिनींच्या माडांचे ४,५०० आणि पोफळींचे ५,००० मिळून ९,५०० रुपये होतात. पहिल्या मापानें पांच हजार होत होते. रक्कम तुटपुंजीच, आणि आमच्या एका कागदानें हें घडलें असें समजण्याइतके आम्ही भाबडेहि नाहीं. परंतु सरकारी नियमास हेक्टराऐवजीं झाड मोजावयास लावतां येतें, हें गांवास प्रथमच कळलें.

मापाचें हें महत्त्व नवें नाहीं. कौटिल्यानें राज्याच्या कारभारांत वजनमापांसाठीं पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. शेजारीं आक्षीस जो शिलालेख आहे, व जो शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा म्हणून वाचला जातो, त्यांतहि देवीच्या बोडणासाठीं धान्य किती कुवली द्यावें हें कोरलेलें आहे. नुसतें ‘धान्य द्यावें’ म्हणून दात्याचें समाधान झालें नाहीं. जो देणें मोजून लिहितो त्याचें देणें टिकतें. जो मागणें मोजून मागतो त्याचेंहि टिकतें.

आतां किनाऱ्यावरील बांधकामाचा प्रश्न घ्या. आमच्याकडील प्रत्येक ओट्यावर सीआरझेडला शिव्या ऐकूं येतात. परंतु केंद्र सरकारच्या १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेंत काय आहे हें विचारावें, तर बहुतेक मंडळी आकाशाकडे पाहतात. तींत ग्रामीण किनाऱ्याचे दोन वर्ग केले आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणें दर चौरस किलोमीटरास २,१६१ हून अधिक वस्ती असेल तेथें, किनारा-आराखडा रीतसर तयार झाल्यावर, भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत बांधकामास मनाई. वस्ती त्याहून विरळ असेल तेथें ती मनाई २०० मीटरपर्यंत. म्हणजे एखाद्याच्या खोल्यांचें भवितव्य समुद्रापेक्षां एका आंकड्यावर अधिक लटकतें. या अधिसूचनेचा मसुदा एप्रिल २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला होता आणि हरकती-सूचनांसाठीं साठ दिवस दिले होते. त्या साठ दिवसांत लिहिलेल्या एका पानाची जी किंमत, ती पुढील सहा वर्षांच्या शिव्यांस नाहीं.

तेव्हां पहिला नियम हा कीं, कायदा ओला असतांना त्यास आकार द्यावा. भाजल्यावर मडकें फुटतें, वळत नाहीं. राजपत्रांतील मसुद्यावर, आराखड्याच्या जनसुनावणींत, खात्याच्या अधिकाऱ्यापुढें, वेळेवर बोलावें. दुसरा नियम, दार ओळखून कडी वाजवावी. किनाऱ्याची अधिसूचना केंद्राची, म्हणून तेथें खासदार हवा. त्या अधिसूचनेखालील नकाशे राज्याचे, म्हणून तेथें आमदार आणि जिल्हाधिकारी. आमदारास आपलें काम तारांकित प्रश्नानें किंवा लक्षवेधी सूचनेनें सभागृहांत नेतां येतें; विधिमंडळाची विनंती अर्ज समितीहि आहे. परंतु अधिवेशन सुरू झाल्यावर नागपुरास धांवत जाण्यांत अर्थ नसतो. आधीं महिना-दीड महिना, तो मतदारसंघांत असतांना, त्याच्या हातीं कागद पडावा. तिसरा नियम, कागद एक पानाचा असावा : कोणत्या नियमाचें कोणतें कलम, त्यानें किती घरांचें काय होतें, आणि त्या जागीं कोणते शब्द हवेत. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असें लिहिणारास योग्य ती कार्यवाही म्हणजे पोंच मिळते. चौथा, पाकीट कदापि देऊं नये. पाकिटाच्या बाजारांत लहान माणसाचा भाव नेहमींच कमी राहणार. तो खेळ मोठ्यांचाच आहे.

परंतु या साऱ्यांहून मोठा एक नियम आहे, व त्याविषयीं बोलणें आम्हांस अवश्य वाटतें. आपली मागणी दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन उभी आहे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. किनारा खोल्यावाल्यांचा आहे तसाच तो कोळ्यांचाहि आहे. त्यांच्या होड्या ओढण्यास आणि मासळी वाळविण्यास जागा लागते. ती गिळून आपल्या खोल्या वाढणार असतील, तर तसा अर्ज लिहावयास आमचा हात वळणार नाहीं. गेल्या वर्षीं अशाच एका कागदावर सही करण्यास आम्हांस विचारण्यांत आलें. त्यांत कोळीवाड्याचा उल्लेखहि नव्हता, आणि मागणीचा लाभ पाहतां आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या घरांपेक्षां मोठ्या बांधकामांचाच अधिक होता. आम्हीं सही केली नाहीं. त्यापायीं दोन-चार घरांशीं आलेला दुरावा अजून गेलेला नाहीं.

आमच्याच तालुक्यांत १९३३ पासून १९३९ पर्यंत चरीच्या कुळांनीं, नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखालीं, शेतें ओसाड ठेवून संप केला. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबई विधिमंडळांत खोती नाहींशी करण्याचें विधेयक आणलें. जानेवारी १९३८ मध्यें शेतकरी मोर्चानें कौन्सिल हॉलवर गेले. आणि खोती रद्द झाली ती १९४९ च्या कायद्यानें. मध्यें बारा वर्षें गेलीं. या मासिकाच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आजोबांचीं नांवें त्या वेळीं खोतांच्या बाजूस सांपडतील. त्या बाजूस वकील होते, इंग्रजी होती, ओळखी होत्या. कुळांपाशीं एक साधें गणित होतें : पिकलें किती, खोतानें नेलें किती, उरलें किती. शेवटीं कायदा त्या गणिताकडे वळला, कारण त्यांत खोट नव्हती. आज आपण स्वतःस लहान म्हणवून कायद्यापाशीं न्याय मागावयास जातों, तेव्हां हा धडा विसरून कसें चालेल?

घरोघरच्या कर्त्या मंडळींस आमचें सांगणें थोडकें आहे. आपला धंदा वाडीचा असो, खाणावळीचा असो, पापड-लोणच्यांचा असो, त्याची एक वही ठेवा आणि ती घरांतील सुनांस-लेकींस लिहूं द्या. त्या पुरुषांपेक्षां नेटकें लिहितात, असा आमचा शाळेंतला अनुभव आहे. शेजारच्या धंदेवाल्याच्या वहीशीं ती वर्षांतून एकदां ताडून पाहा. दहा वह्या एकत्र आल्या कीं त्यांतून निघणारा आंकडा कोणत्याहि मंत्र्यास बाजूस सारतां येत नाहीं. वहिनींनीं नव्या लावलेल्या माडांपैकीं चौदा जगले आहेत. वहींत त्यांच्यासाठीं नवें पान घातलेलें आम्हीं परवांच पाहिलें. वर तारीख आहे, आणि प्रत्येक माडापुढें एक रिकामा रकाना.