सुरांची माळ

कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी नाणी, तर कोणी शंखशिंपले. मला छंद होता गाण्यांचा. मात्र गाणी नुसती जमविणे निराळे आणि त्यांची माळ ओवणे निराळे.

आमचे बिऱ्हाड पुण्याच्या बुधवार पेठेत होते. तेथील तापकीर गल्ली विजेच्या उपकरणांच्या दुकानांनी आजही गजबजलेली असते. १९८२ साली शिकवणीच्या पहिल्या कमाईतून मी तेथून एक कोरी कॅसेट आणली. तळहाताएवढ्या त्या डबीत पाव इंचाहूनही अरुंद फीत. एका बाजूस तीस मिनिटे, दोन्ही मिळून एक तास! जुन्या तबकडीवरील भावगीत साधारण तीन मिनिटांचे. म्हणजे एका बाजूस फार तर दहा गाणी.

ही माळ आजीसाठी होती. तिची दृष्टी गेली होती. पोथी मिटली होती आणि दिवस सरता सरत नसे. रेडिओवर हवे ते गाणे लागेपर्यंत मी कळीवर बोट ठेवून वाट पाही आणि निवेदकाचा शब्द संपताच ती दाबी.

खरी कसोटी निवडीची. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. त्याची गीतेच छप्पन्न! एक घ्यावे, तर पंचावन्न बाजूस ठेवावी लागत. मला काय आवडते, हे मला ठाऊक होते. आजीला काय आवडेल, हे त्या कोऱ्या फितीने मला प्रथमच विचारले.

निवडीनंतर क्रम. भूपाळीपाठोपाठ लावणी आली, तर दोहोंचाही रंग उडतो. म्हणून पहिली बाजू मी सकाळची केली आणि दुसरी तिन्हीसांजेची. फुले तीच, पण ओवणाऱ्याच्या हाताने हार निराळा होतो.

अठरा गाणी झाली आणि अखेरीस तीन मिनिटे उरली. "आजी, आता कोणतं गाणं घेऊ?" मी विचारले.

"जात्यावरच्या ओव्या लागतात का रे रेडिओवर?" ती हळूच म्हणाली.

मी यंत्र तिच्याजवळ सरकवले. दळताना जसा हात फिरे, तसा तो फिरवीत ती गाऊ लागली. मध्येच खोकली, हसली आणि पुन्हा गाऊ लागली. फीत संपली, तरी तिची ओवी चालूच होती.

मुलांनो, आज एका फोनमध्ये हजारो गाणी मावतात, आणि त्यांची यादी क्षणात तयार होते. तरीही एकदा स्वतःला वीस गाण्यांची मर्यादा घालून पाहा. ती कोणासाठी निवडता, हे आधी ठरवा. मग त्या माणसाची नव्याने ओळख होईल.

आजीला जाऊन कैक वर्षे लोटली. त्या माळेतील अठरा गाणी आज कोठेही ऐकावयास मिळतात. एकोणिसावे मात्र माझ्या त्या एका फितीवाचून जगात कोठेही नाही.