आनंदबनात शिकलेली प्रीती



सुवार्तेसाठी परदेशी जायचे म्हटले की काय बोलायचे याची तयारी आपण आधी करतो. आमच्या धर्मग्रामातले आम्ही सात जण नेपाळला निघालो, तेव्हा मात्र बोलायला फारसा वावच नव्हता. एक तर नेपाळी भाषा येत नव्हती. दुसरे म्हणजे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास त्या देशाच्या राज्यघटनेनेच मनाई केली आहे. फादरांनी निघतानाच सांगितले होते, "तिथे प्रवचन नाही. दोन हात आणि मोकळा वेळ, एवढेच घेऊन जा."

बेळगावहून गाड्या बदलत गोरखपूर गाठले, सुनौलीची सीमा पायी ओलांडली, घड्याळे १५ मिनिटे पुढे केली आणि बसने काठमांडूला पोहोचलो. शहराच्या दक्षिणेला, लेले गावाजवळ, आनंदबन नावाचे कुष्ठरोग्यांचे रुग्णालय आहे. 'द लेप्रसी मिशन'ने ते १९५७ साली सुरू केले. नाव ऐकताच वरोऱ्याचे बाबा आमट्यांचे आनंदवन आठवले आणि परक्या मुलखात ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

कुष्ठरोग आज औषधांनी बरा होतो. पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. पायात खडा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. जखम आतल्या आत चिघळते. म्हणून रोज पाय पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी हलकेच घासायची, तळवे नीट पाहायचे आणि वरून तेल लावायचे. तिथल्या परिचारिकांच्या हाताखाली आम्ही हेच काम करत होतो. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आम्ही वर्गात अनेकदा शिकवला आहे. तिथे तो घमेल्यातल्या कोमट पाण्यासारखा हाताला लागला.

एक वृद्ध आमा होत्या. नेपाळीत आईला आमा म्हणतात. त्यांचा आजार कधीच बरा झाला होता, पण घरून बोलावणे येत नव्हते. रोज सकाळी त्या आम्हांला विचारायच्या, "भात खानुभयो?" म्हणजे, जेवलात का? लिपी देवनागरीच, त्यामुळे भिंतीवरच्या पाट्या आम्ही घडाघडा वाचत होतो. अर्थ मात्र निम्माच कळायचा. हा प्रश्न तेवढा पुरता कळला. आपल्याकडे आजीसुद्धा हेच विचारते. प्रेमाला तिथे 'माया' म्हणतात हेही आमांकडूनच कळले. तो शब्द तर आपल्याच घरातला.

एके दिवशी आमांचे पाय पुसून झाले. आमच्यातल्या एका ताईंच्या टाचा थंडीने फुटल्या होत्या, ते त्यांनी पाहिले. त्यांनी तेलाची वाटी आपल्याकडे ओढली आणि वाकड्या झालेल्या बोटांनी ताईंच्या टाचेला तेल लावू लागल्या. ताई संकोचून पाय मागे घेऊ लागल्या. आमांनी तो सोडला नाही. मग ताई गप्प बसून राहिल्या. आमच्यापैकी कोणीच काही बोलले नाही.

त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्हांला पेत्र आठवला. गुरूचे पाय धुवायला तो आनंदाने तयार झाला असता. स्वतःचे पाय पुढे करणे मात्र त्याला जड गेले. देणाऱ्याचा हात वर असतो. घेताना तो खाली येतो आणि तिथेच दोन माणसे बरोबरीला येतात. शिष्यांना पाठवताना प्रभूने, लोक जे वाढतील ते खा, असे सांगितले. त्यात केवळ जेवणाची सोय नव्हती. पाहुणा होण्याची शिकवण होती. ज्यांच्याकडून काही घ्यायला आपण तयार नसतो, त्यांची आपण सेवा करू शकू, पण त्यांच्यावर प्रीती करणे अवघड आहे.

शनिवारी मिस्सा झाली. तिथे साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून विश्वासी जन त्या दिवशी जमतात. 'जय मसीह' म्हणून सगळ्यांनी हात जोडले आणि आम्ही परतीच्या वाटेला लागलो.

गावी आल्यावर लोकांनी विचारले, "किती जणांना सुवार्ता सांगितली?" तोंडाने एकालाही नाही. आमच्याजवळ दाखवायला आकडा नाही. पण प्रीतीतून काय पदरात पडले, हा हिशेब मांडला की तिचा व्यवहार होतो, हे आता मनात पक्के झाले आहे.

बंधुभगिनींनो, यासाठी नेपाळलाच जायला हवे असे नाही. आपल्या भागात एकाच बाकावर मराठी, कानडी आणि कोंकणी बोलणारे बसतात. मिस्सेनंतर प्रत्येक जण आपापल्या भाषेच्या घोळक्यात जातो. येत्या रविवारी एका परभाषिक कुटुंबाला जेवलात का विचारू या. त्यांनी घरी बोलावले, तर संकोच न करता जाऊ या आणि वाढतील ते आनंदाने खाऊ या.

प्रार्थना: हे प्रभू येशू, सेवा करायला आम्हांला हात दे आणि सेवा स्वीकारायला नम्र मन दे. ज्यांना घरून बोलावणे येत नाही, त्यांची आठवण आम्हांला रोज राहू दे. आमेन.