कामरगावचे लग्न आणि बारा फोटो

लग्नाला गेलेल्या माणसाने प्रवासवर्णन लिहू नये म्हणतात. कारण त्याला गावापेक्षा मांडवच अधिक दिसतो. तरीही कामरगावाबद्दल चार शब्द लिहिल्यावाचून मला राहवत नाही. हे गाव वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात आहे. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी ते अकोला जिल्ह्यात मोडत असे. माझी थोरली बहीण याच गावात दिलेली. मागच्या मार्गशीर्षात तिच्या मुलीचे लग्न निघाले आणि मी पडलो नवरीचा मामा! तेव्हा पुण्याहून चार दिवस आधी निघणे भागच होते.

मुंबई-नागपूर लोहमार्गावर मूर्तिजापूरला उतरलो. येथून एके काळी ‘शकुंतला’ नावाची चिमुकली गाडी कारंज्यावरून यवतमाळला जात असे. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. ताईच्या लग्नाच्या वेळी आमचे निम्मे वऱ्हाड त्या गाडीने गेले होते आणि तिच्या चालीमुळे मुहूर्त चुकतो की काय म्हणून वडिलांच्या तोंडचे पाणी पळाले होते. आता ती गाडी बंद आहे. एसटीत बसलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यावर फुटलेली कपाशी आणि मधून मधून तुरीचे पट्टे. कारंजे म्हणजे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. तेव्हा गुरुमंदिरात डोके टेकवून पुढली गाडी धरली व दुपार कलायच्या आत कामरगावला पोहोचलो.

घरापुढे मांडव उभा राहत होता. ताई स्वयंपाकघरात होती. दोन वर्षांपूर्वी मेहुणे गेले, तेव्हापासून चार माणसे जमली की ती स्वयंपाकघरातच असते, हे माझ्या ध्यानात आले होते; पण त्यावर मी कधी बोललो नव्हतो.

रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर बैठक भरली. जवळच्या शहरातून छायाचित्रकार आला होता; हसतमुख, पंचविशीतला तरुण. त्याने एक छापील कागद पुढे ठेवला. ज्या प्रसंगांचे फोटो हवेत त्यांच्यापुढे खूण करायची! हळद, सीमांतपूजन, गौरीहर, आंतरपाट, मंगलाष्टके, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, पाठवणी हे होतेच; शिवाय ‘नवरदेव घड्याळ बांधताना’, ‘नवरी आरशात पाहताना’, ‘नवरीचे मेंदीचे हात’ अशीही कलमे होती. उडत्या यंत्राने आकाशातून वरात टिपण्याचे पैसे निराळे.

“पण सगळंच काढणार असाल, तर खुणा कशाला?” मी विचारले.

“साहेब, तीन हजार फोटो निघतील, पण मी एका वेळी एकाच जागी उभा राहणार,” तो म्हणाला. “कुठं उभं राहायचं ते घरच्यांनी सांगावं.”

पोराने लाखातली गोष्ट सांगितली. रोळ संपला आणि यंत्रात तीन हजार चित्रे मावू लागली, म्हणून निवड टळली असे आपल्याला वाटते. ती टळलेली नाही. पूर्वी ‘कोणता फोटो’ हे ठरवावे लागे, आता ‘कोणती जागा’ हे ठरवावे लागते.

मुलीचे काका चष्मा लावून खुणा करू लागले. कन्यादान काका-काकूंनी करायचे ठरले होते. हळदीपुढे ‘सुवासिनी’, सीमांतपूजनापुढे ‘व्याही मंडळी’, पंगतीपुढे ‘वरपक्षाचे मोठे लोक’ अशी नावे पडत गेली. कागद भरत आला, तेव्हा इतका वेळ खांबाला टेकून बसलेली नवरी म्हणाली,

“काका, यात आई कुठं आहे?”

ओसरीवर कोणी बोलेना. काकांनी कागद पुन्हा वरून खाली वाचला. आई खरोखरच कुठे नव्हती. आत भांड्यांचा आवाज होत होता, तोही थांबला.

काका मनाचे वाईट नव्हेत. भावामागे त्यांनी हे घर सावरले, पुतणीचे शिक्षण पुरे केले. ते हळूच म्हणाले, “बेटा, शेवटी सगळ्यांचा मिळून एक फोटो काढूच की! पण हळदीला, ओवाळायला... रीत आहे. भाऊ, तुम्ही पुण्याला राहता. आम्हाला गावात राहायचं आहे.”

मी पुणेकराच्या थाटाने वर्तमानपत्री ज्ञान सांगू लागलो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला; त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून साऱ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितला, वगैरे. काकांनी सारे ऐकून घेतले आणि “ठराव चांगलाच आहे,” एवढेच म्हणाले. असे म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही.

तेवढ्यात पलंगावर पडलेल्या आजी, म्हणजे ताईच्या सासूबाई, उठून बसल्या. वय ऐंशीच्या घरात. त्यांनी नातीला पेटीतला अल्बम आणायला सांगितले. काळ्या पानांचा, चार कोपरे चिकटवून फोटो बसवलेला तो अल्बम १९६५ सालचा, आजींच्या स्वतःच्या लग्नाचा होता. आत बरोबर बारा फोटो. त्या काळच्या चौकोनी कॅमेऱ्यात एकशेवीस नंबरचा रोळ घातला की बाराच चित्रे येत. बारांत लग्न बसवायचे म्हणजे संसार दोन खोल्यांत बसवण्यापैकीच! सहा फोटोंत पुरुषमंडळी फेटे बांधून खुर्च्यांवर बसलेली. दोघांत नवरा-नवरी, तीही एकमेकांकडे न पाहणारी. एकात पंगत, एकात रुखवत, एकात घोडा.

आजींनी बोट ठेवले ते बाराव्यावर. नवरीची ओटी भरताहेत. मागे माजघराचे दार आणि दाराच्या चौकटीशी एक हात, कोपरापर्यंतच. साध्या लुगड्याचा पदर, मनगटात बांगडी नाही.

“हे पाय,” आजी म्हणाल्या, “थे माही माय हाय.”

साठ वर्षे आजींनी आपल्या आईचा तेवढाच फोटो जपला होता. दुसरा कधी काढलाच गेला नाही. अल्बम हातोहात फिरला. काकांच्या हाती आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि यादीतल्या ‘हळद – सुवासिनी’ या ओळीतला दुसरा शब्द खोडून त्या जागी ‘आई’ असे लिहिले. सरकारच्या परिपत्रकाने जे झाले नाही ते एका कोपराने केले.

ताईला बाहेर बोलावले, तर ती येईना. तिची समजूत घालण्यात मध्यरात्र उलटली. तिचे म्हणणे एकच: माझ्या हाताने पोरीला काही बाधले तर? ही भीती बाहेरून कोणी घातलेली असली, तरी आता ती तिचीच झाली होती. अखेर आजींनीच तिला दटावले, “मी म्हातारी सांगतो, तुले काय हरकत हाय?” तेव्हा कुठे ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाट मांडला. पहिली हळद ताईने लावली. हात इतका थरथरत होता की निम्मी हळद मुलीच्या कानाला लागली. दोन-तीन बायका कुजबुजल्या, एक उठून गेली, बाकीच्या बसून राहिल्या. छायाचित्रकार मात्र नेमक्या जागी उभा होता.

पुढचे लग्न कोणत्याही लग्नासारखे झाले. गोरजमुहूर्त होता, मार्गशीर्षातला दिवस लवकर मावळतो, तेव्हा उजेडासाठी त्या तरुणाची तारांबळ उडाली. एक चूक मात्र झाली. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यातले सातवे कलम सांगते, की ज्या विवाहविधीत सप्तपदी असते त्यात सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. आमच्याकडे ते पाऊल पडले तेव्हा छायाचित्रकार वरपक्षाच्या पंगतीत बुंदीचे ताट टिपत होता! काकांनी ‘मोठे लोक’ या कलमापुढे दोन खुणा केल्या होत्या, सप्तपदीपुढे एकही नव्हती.

वाचकहो, तुळशीचे लग्न लागले की आपल्याही घरी याद्या सुरू होतील. माझे एवढेच सांगणे, की यादी विधींपासून न करता माणसांपासून करावी. घरातली सर्वांत म्हातारी व्यक्ती कोण, कोण दूरवरून आले आहे, कोण सतत स्वयंपाकघरात असते, कोणाला पुढे यायचा संकोच वाटतो, हे आधी लिहावे. मग कोणत्या प्रसंगी ती माणसे नवरा-नवरीजवळ असतील ते पाहावे. हार, मुंडावळ्या आणि बुंदी साऱ्या लग्नांत सारख्याच असतात.

अल्बम तयार होऊन कामरगावला पोहोचला, तेव्हा मी पुन्हा तेथे होतो. आजींनी हळदीचा फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला.

“या खेपेले माय पुरी आली,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो अल्बम आपल्या पेटीत, जुन्याच्या शेजारी ठेवायला लावला.

ताई नेहमीसारखी चहा करायला आत गेली होती. काकांनी तिला हाक मारून ओसरीवर बसवले आणि चहा त्या दिवशी काकूंनी केला.