तलावाकाठची वाट
अन्नाइतकीच माणसाला निसर्गसौंदर्याचीही गरज असते, असे जॉन म्यूर मानीत. अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झाले. १८९२ मध्ये म्यूर यांच्या पुढाकाराने सिएरा क्लब स्थापन झाला. आमच्या गोंदिया जिल्ह्यात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगितल्या जाणाऱ्या नवेगावबांध तलावाभोवतीचे रान १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी ते मराठी वाचकांच्या घरी पोहोचविले.

बाबा गेल्यावर आईची झोप हरपली. औषधांच्या जोडीला मी तिला या काठावर फिरावयास नेऊ लागले. एके सकाळी पाणपक्षी न्याहाळताना ती बाबांविषयी प्रथमच बोलली. दुःख सरले नाही. त्याला वाट मिळाली. रान राखणाऱ्यांचे एवढे ऋण आमच्या घरावर आहे.