दिव्याखालचा टोमॅटो

नारायणगावात राहून टोमॅटो घरात, तोही दिव्याखाली लावायचा म्हटलं की माणसं आधी माझ्याकडे नीट बघून घेतात. टोमॅटोचा एवढा मोठा बाजार दाराशी, आणि ह्या बाईला उजेड विकत घ्यायचाय! पण आमची गॅलरी उत्तरेला, समोर दुसरी इमारत. मे महिन्यात थोडं ऊन शिरतं, एरवी नाही. म्हणून ग्रो लाइट मागवला आणि खोक्यावर ‘1000 वॅट’ वाचून घाबरले. गिझर दोन हजारांचा, त्याला वेगळी जाड वायर आणि 16 अँपियरचा सॉकेट. हा दिवा मी हॉलमधल्या साध्या पॉइंटला कसा लावू?

वायरमनदादा हसले. “ताई, हात लावून बघा. नुसता कोमट लागतोय. हजार वॅटचा असता तर हात टेकवला असतात का?” मग त्यांनी मला मीटरजवळ नेलं. आमच्या मीटरवर बारीक अक्षरात 3200 हा आकडा छापलाय. त्यावरचा लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा, आणि फक्त ग्रो लाइट चालू ठेवून मोजलं. मिनिटाला साधारण पाच वेळा. म्हणजे तासाला तीनशे, म्हणजे जेमतेम 94 वॅट! खोक्यावरचे हजार ही विकणाऱ्याची फुशारकी. साधा 6 अँपियरचा पॉइंट 230 व्होल्टला 1380 वॅटपर्यंत झेपवतो, तेव्हा असे दोन दिवे त्याच्या खिजगणतीतही नाहीत.

वायरिंगची धास्ती गेली आणि तासांची आली. रोपवाटिकेत विचारायला गेले. तिथे प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरून टोमॅटोची रोपं वाढवतात, वर शेडनेट. मालक म्हणाले, “आम्ही जाळी लावून ऊन अडवतो, आणि तुम्ही उजेड विकत आणताय!” पण मग मनापासून सांगितलं. टोमॅटोला दिवसाचे चौदा तास द्या, चोवीस तास देऊ नका. रात्रीचा अंधार मिळाला नाही तर पानं पिवळी पडतात. शेवंती त्या खोलीत मुळीच ठेवू नका. तिला कळी धरायला रात्र लांब लागते, उजेडात नुसता पाला वाढेल.

चौदा तास म्हणजे टायमर आला. त्यातही दोन जाती! फिरत्या चकतीचा स्वस्त असतो, पण लाइट गेली की चकती थांबते आणि आली की तिथूनच पुढे चालते. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. आठवड्याभरात त्याची सकाळ दुपारवर जाईल. म्हणून आत सेल असलेला डिजिटल घेतला. इन्व्हर्टरवर मात्र दिवा जोडू दिला नाही. 12 व्होल्ट, 150 अँपियर-तासाच्या बॅटरीत कागदोपत्री 1.8 युनिट वीज मावते. ती माणसांच्या पंख्याला असू द्यावी. ढगाळ दिवस झाडांना नवा नाही.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. दिवा लावला की शेजारचा रेडिओ खरखरायचा. स्वस्त दिव्यांच्या ड्रायव्हरमधून, म्हणजे त्यांना वीज पुरवणाऱ्या भागातून, असा रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो. आणि आम्ही राहतो कुठे? जवळच्या खोडदला जीएमआरटी आहे. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या घेऊन आकाशातले अतिक्षीण रेडिओ संकेत ऐकत बसलेली दुर्बीण! माझ्या दिव्याने तिचं काय बिघडणार म्हणा, तरी मी बीआयएस नोंदणी क्रमांक असलेला ड्रायव्हर बसवून घेतला. खरखर पुष्कळ कमी झाली.

आंबेगावकडचे माझे दीर हे सगळं बघून म्हणाले, “वहिनी, तुमच्या टोमॅटोला दिवसा लाइट मिळते, आम्हाला नाही.” त्यांच्या मोटारीला थ्री फेजची पाळी रात्रीची आली की उसात बिबट्याची भीती डोक्यावर घेऊन पाणी भरायला जायचं. आमच्या आणि त्यांच्या, दोन्ही तालुक्यांत दिवसा वीज द्या ही मागणी कशासाठी आहे, ते माझ्या हॉलमध्ये बसून एरवी कळलं नसतं. मी गप्प बसले.

आता हिशेब. चौरस मीटरभर टोमॅटोला चांगल्या दर्जाचे सुमारे 200 वॅट धरले, तर चौदा तासांप्रमाणे महिन्याला 84 युनिट होतात. घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर एकदम चढतो, आणि आमचं बिल त्या उंबरठ्यावरच असतं. टोमॅटो मी बाजारातूनच आणते. मेथी-कोथिंबिरीला निम्म्या उजेडात भागतं, म्हणून दिवा आता त्यांच्यावर आहे. तुम्ही घेणार असाल तर खोक्यावरचा आकडा सोडा. भिंतीतून प्रत्यक्ष किती वॅट ओढतो, ते दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.