धाकट्याची एस.टी.

दोस्तांनो, एखादी चूक लपवायला जावं आणि एकीच्या दोन चुका होऊन बसाव्यात, असं तुमचं कधी झालंय? माझं झालंय. तेव्हा मी सातवीत होतो.

आमचं गाव करमाड. जालना रोडवरचं. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या एस.टी. गाड्या मोजणं हा माझ्या धाकट्या भावाचा आवडता उद्योग. त्याला मामाने प्लॅस्टिकची बस आणली. छान आरपार काचा होत्या तिला. पण बस निघाली पिवळी! "एस.टी. कुठं पिवळी असते का?" म्हणून स्वारी दोन दिवस रुसली. शेवटी मी छाती फुगवून म्हणालो, "दिवाळीच्या सुट्टीत तू मावशीकडे जालन्याला जाऊन ये. येशील तेव्हा तुझी एस.टी. लालभडक तयार!"

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट घरात होताच. ब्रश मात्र जाडा. बस लाल झाली खरी, पण पुढच्या काचेवर आणि बाजूच्या एका खिडकीवरही रंगाचे ओघळ आले. वाळल्यावर बघू, म्हणून मी तसंच सोडून दिलं. इथंच चुकलो. ओला होता तेव्हाच फडक्याला थोडं खोबरेल तेल लावून पुसला असता, तर बराचसा निघाला असता.

चार दिवसांनी रंग खडखडीत वाळला आणि माझं धाबं दणाणलं. रस्त्यापलीकडे पेंटरकाका ट्रक रंगवायचे. "ब्रश धुवायचाय," अशी थाप मारून मी त्यांच्याकडून वाटीभर थिनर आणलं. बोळा बुडवून खिडकीवर घासला. लाल रंग झटक्यात गेला! मी खूश. पण बघता बघता खिडकी चिकट झाली, माझा अंगठा तिला चिकटला, आणि वाळल्यावर ती मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी पांढरी पडली. वर अंगठ्याचा ठसा कायमचा!

आता पुढची काच हातात घेऊन काकांकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सगळं खरं सांगितलं. काका आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "येड्या, पत्र्याचं औषध प्लॅस्टिकला चालतं का? वर रंग कोणता ते मागून. आधी खाली काय हाय ते बघ."

त्यांनी सांगितलं तसं मी केलं. पुढची काच बसमधून सोडवली होतीच. ती साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवली. गुळगुळीत प्लॅस्टिकवर ऑइलपेंटची पकड तशी कच्चीच असते. सकाळी रंगाच्या कडा सुटू लागल्या होत्या. ब्लेड नाही, सुई नाही. बांबूची बोथट काडी घेऊन, काच सारखी ओली ठेवत, एकेक पापुद्रा काढला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. उरलेली लाल झाक कापसाला थोडं स्पिरिट लावून पुसली, तीही आधी एका कोपऱ्यात लावून बघून. शेवटी बारीक ओरखडे घालवायला सुती फडक्यावर पांढरी टूथपेस्ट घेऊन गोल गोल घासलं. टूथपेस्टमधली बारीक पूड पॉलिशचं काम करते. काच पुन्हा आरपार!

मग खिडकीचं काय बिघडलं होतं? ते मला पुढे कॉलेजात समजलं. अशा खेळण्यांच्या काचा बऱ्याचदा पॉलिस्टायरीनच्या असतात. थिनरमधली द्रव्यं रंगाबरोबर हे प्लॅस्टिकही विरघळवतात. गुळगुळीत पृष्ठभाग खडबडीत होतो, प्रकाश सरळ पार जाण्याऐवजी विखुरतो, आणि काच धुरकट दिसते. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोननेही हेच होतं. उकळतं पाणीही नकोच, कारण पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. आणि काच ॲक्रिलिकची असेल, तर स्पिरिटनेसुद्धा तिच्यावर बारीक तडे जाऊ शकतात. तिला साबण-पाणी आणि धीर, एवढंच औषध!

ही भानगड फक्त खेळण्यांची नाही बरं का. आमच्या करमाडहून शहराकडे जाताना चिकलठाण्याचा विमानतळ लागतो. तिथं उतरणाऱ्या प्रवासी विमानांच्या खिडक्याही ॲक्रिलिकच्याच असतात. विमानाचा जुना रंग रसायनाने काढायचा असला, की आधी या खिडक्या नीट झाकून घेतात. एवढ्या मोठ्या विमानालाही माझ्या एस.टी.सारखंच जपावं लागतं!

धाकटा आला. बस बघून उड्या मारल्या. मग त्याची नजर त्या पांढऱ्या खिडकीवर गेली. "कारखान्यातूनच तशी आली असेल," असं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आठ दिवस एक थाप निस्तरण्यातच गेले होते. म्हटलं, "माझ्याकडून खराब झाली रे. घाई केली मी."

तो बराच वेळ त्या खिडकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असू दे दादा. तिथं एक म्हातारबाबा झोपलेत. त्यांच्या श्वासानं काच धुरकट झालीय."

त्यानंतर ती बस कितीदा तरी आमच्या ओट्यावरून जालन्याला गेली. प्रत्येक फेरीला धाकटा त्या खिडकीशी वाकून हळूच सांगायचा, "बाबा, करमाड आलं, उठा!"